आकड्याआधीची अक्षरं

२०१८च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर डॅनी थॉम्पसनने ताशी ४४८.७५७ मैल असा विक्रम नोंदवला. दोन वर्षांनी त्याच मिठावर जॉर्ज पोटीटची ‘स्पीड डेमन’ ताशी ४७० मैलांच्याही जरा पुढे गेली. कुणालाही वाटेल, थॉम्पसनचा विक्रम मोडला. पण तो मोडला नव्हता. थॉम्पसनच्या गाडीचा गट होता ‘एए/एफएस’ आणि पोटीटच्या गाडीचा ‘एए/बीएफएस’. मधल्या एका ‘बी’ने दोन्ही विक्रम आपापल्या जागी ठेवले. ‘बी’ म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र, सुपरचार्जर किंवा टर्बो. पोटीटच्या गाडीत ते होतं, थॉम्पसनच्या गाडीत नव्हतं. म्हणून या दोन गाड्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नव्हत्याच.

हे पुस्तक त्या अक्षरांविषयी आहे. बातमीत आकडा येतो आणि अक्षरं गळून पडतात. मलाही बरीच वर्षं हा विषय आकड्यांचाच वाटत होता. मग एकदा निकालांची जाडजूड यादी पानापानाने वाचायला घेतली. तिच्यात चारशेच्या पुढचे आकडे होते, तसे शंभर-सव्वाशेचेही होते. ते सगळे एकाच टाइपात, एकाच मानाने छापलेले होते. शंभर-सव्वाशेवाल्या माणसानेही तोच उन्हाळा, तेच मीठ, तीच रांग सोसली होती. त्याच्या आकड्याआधीची अक्षरं वाचायला शिकलो तेव्हा कळलं की त्याने काय साधलं आहे. त्या दिवसापासून मी अक्षरं आधी वाचतो.

ज्यांनी खेड-जुन्नरकडचा बैलगाड्याचा घाट पाहिला आहे त्यांना यातलं बरंचसं सांगावं लागणार नाही. तिथेही गाडा एकटाच पळतो आणि शर्यत घड्याळाशी असते. सातारा-सांगलीकडच्या मैदानांत आदत, दुसा, चौसा असे गट बैलाच्या दातांवरून पडतात. जनावर कितीही देखणं असो, तोंड उघडून दात बघितल्याशिवाय गट ठरत नाही. मिठावरही तसंच आहे. तिथे तोंड इंजिनाचं उघडतात.

तर आधी इंजिन. बोनव्हिलचा वार्षिक ‘स्पीड वीक’ १९४९पासून भरतो. तो भरवणारी संस्था म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, स्थापना १९३७. तिच्या नियमांत इंजिनांचे आकारानुसार बारा गट आहेत. सगळ्यांत वर ‘एए’, म्हणजे ५०१ घन इंच आणि त्यापुढची इंजिनं; आपल्या भाषेत सव्वाआठ लिटर आणि वर. मग ए, बी, सी असं उतरत उतरत ‘के’पर्यंत, जिथे इंजिन जेमतेम अर्ध्या लिटरचं, आपल्याकडच्या एखाद्या दणकट बुलेटइतकं असतं. आकार म्हणजे पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा झाडून घेतो तेवढी, गुणिले सिलिंडरांची संख्या. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव; ही दोन मापं कळली की शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने हिशेब होतो.

हा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. अमेरिकेत अतिशय परिचित असलेलं ३०२ घन इंचांचं व्ही-एट इंजिन घ्या. बोअर चार इंच, स्ट्रोक तीन इंच, सिलिंडर आठ. हे ‘डी’ गटात बसतं, कारण ‘डी’ची हद्द २६१पासून ३०५.९९पर्यंत आहे. आता इंजिन जुनं झालं, सिलिंडर घासले, म्हणून गॅरेजवाल्याने नेहमीप्रमाणे बोअर मारून तीस थाऊ मोठे पिस्टन बसवले. तीस थाऊ म्हणजे पाऊण मिलिमीटर. नव्या बोअरने हिशेब मांडला की उत्तर येतं ३०६.१. गाडी ‘डी’तून बाहेर पडली आणि ‘सी’त गेली. ‘सी’ गट ३७२.९९ घन इंचांपर्यंत जातो, म्हणजे आता तिला आपल्यापेक्षा लिटरभराने मोठ्या इंजिनांशीही झुंजायचं आहे. रस्त्यावरच्या गाडीत जे काम ‘इंजिन नवं केलं’ म्हणून कौतुकाने सांगतात, ते इथे न मोजता केलं तर वर्षभराची मेहनत चुकीच्या रकान्यात जाऊन पडते. म्हणून मिठावरचे मेकॅनिक पिस्टन मागवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसतात.

हद्दीची ही ताकद आपल्याला नवी नाही. आपल्याकडे छोट्या गाडीला कर कमी लागतो. त्यासाठी लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत हवं. म्हणून तर आपल्या रस्त्यांवर १,१९७ आणि १,१९९ सीसीची इतकी इंजिनं धावतात. कुणा अभियंत्याला तो आकडा स्वप्नात दिसला नव्हता, तो नियमाच्या रेघेला चिकटून जन्मला. गटांची रेघ यंत्राला आकार देते, ही गोष्ट या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटेल. माझ्या मते हीच या विषयातली सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे.

इंजिनानंतर शरीर. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रेटायला लागणारी ताकद घनाने. ताशी दोनशे मैलांवरून चारशेवर जायचं तर दुप्पट नव्हे, आठपट ताकद लागते. त्यामुळे गाडी हवेला कशी सामोरी जाते, हे इंजिनाइतकंच निर्णायक ठरतं आणि गटांची दुसरी विभागणी त्यावरच उभी आहे. सगळ्यांत मोकळीक ‘स्ट्रीमलायनर’ला. ही लांबुळकी, माशासारखी गाडी. तिची किमान दोन चाकं तरी झाकलेली असलीच पाहिजेत. तिच्या शेजारी ‘लेकस्टर’. तिचं धड कितीही निमुळतं करा, पण चाकं उघडी राहिली पाहिजेत. नियमांत हा फरक एका ओळीचा आहे. मिठावर तो फार मोठा होतो, कारण उघडं फिरतं चाक म्हणजे हवा घुसळणारी रवीच.

लेकस्टरचा जन्म सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा इंधनाच्या टाक्या लटकवत. इंधन संपलं की त्या सोडून द्यायच्या. युद्ध संपल्यावर अशा टाक्या भंगारात स्वस्तात मिळू लागल्या. बिल बर्क या कॅलिफोर्नियातल्या तरुणाने १९४६मध्ये त्यातली एक उचलली आणि तिला चाकं लावली. आधी पी-५१ विमानाची टाकी घेतली, ती अडचणीची ठरली. मग पी-३८ विमानाची मोठी टाकी घेतली, तिच्यात इंजिन आणि माणूस दोन्ही मावले. हवेतून सरळ जाण्यासाठी विमानतज्ज्ञांनी घडवलेला तो थेंबासारखा आकार होता, आणि तो भंगाराच्या भावात हाती आला. त्या गाड्यांना ‘बेली टँक’ म्हणू लागले. त्या कुठल्याच जुन्या गटात नीट बसेनात, आणि पुढे त्यांच्यासाठी वेगळं घर करावं लागलं. कोरड्या तळ्यांवर, म्हणजे ‘लेक’वर, धावणारी म्हणून लेकस्टर. माणूस आधी वस्तू करतो, नियम मागून धावत येतात. या खेळात असं पुष्कळदा झालं आहे.

स्ट्रीमलायनर आणि लेकस्टरच्या खाली खऱ्या मोटारींची अंगं येतात. रोडस्टर म्हणजे १९२३ ते १९३८च्या दरम्यानच्या, टप नसलेल्या अमेरिकी गाड्यांचं अंग. हवेच्या दृष्टीने ते जवळजवळ कपाट पालथं घालून ढकलण्यासारखं काम आहे, आणि म्हणूनच रोडस्टरचा दोनशे मैलांचा विक्रम मला स्ट्रीमलायनरच्या तीनशेपेक्षा जास्त भावतो. मग कूप आणि सेडान. त्यांच्यात किती कापाकापी चालेल, छप्पर उतरवता येईल का, इंजिन मागे सरकवता येईल का, यावरून पोटगट पडतात. शेवटी ‘प्रॉडक्शन’, म्हणजे शोरूममधून बाहेर पडली तशी दिसणारी गाडी. या सगळ्यांचे बारकावे पुढच्या प्रकरणांत चित्रांसह आहेत, इथे त्यांत शिरत नाही. इंधनाचा भागही थोडक्यात सांगतो. ‘जी’ म्हणजे आयोजकांनी ठरवून दिलेलं पेट्रोल, आणि ते भरल्यावर टाकीला सील. ‘एफ’ म्हणजे इंधनाचं बंधन नाही. अल्कोहोल चालतं, नायट्रोमिथेन चालतं. आता ‘डी/जीएल’ वाचून बघा: डी आकाराचं इंजिन, ठरलेलं पेट्रोल, लेकस्टर. ‘बी’ नाही, म्हणजे सुपरचार्जर नाही. तीन अक्षरांत गाडीची कुंडली मांडून झाली.

असे गट पहिल्यापासून नव्हते. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पोरं आपल्या घरगुती गाड्या घेऊन जमायची, तेव्हा आधी प्रत्येकाचा वेग घड्याळावर मोजायचे आणि साधारण सारख्या वेगाच्या गाड्यांची टोळी करून त्यांना एकत्र सोडायचे. ऐकायला रास्त वाटतं. पण पाच-सहा गाड्या शेजारी शेजारी सुटल्या की पहिलीच्या मागे पिठासारख्या धुळीची भिंत उभी राहायची आणि मागचे सगळे आंधळे व्हायचे. अपघात होत, माणसं जात. संस्थेने एकेक गाडी एकटी सोडायची पद्धत रुजवली ती या अनुभवातून. आणि एकटी गाडी सोडायची म्हटल्यावर वेगावरून टोळी करण्याला अर्थच उरला नाही. वेग हे तर उत्तर आहे. उत्तरावरून गट पाडले तर प्रश्न काय उरला? तेव्हापासून गाडी कशी बांधली आहे, एवढंच बघून गट ठरू लागला. धुळीतून निघालेला हा एवढासा बदल. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

याचा परिणाम १९४९च्या पहिल्याच बोनव्हिल मेळाव्यात दिसला. अ‍ॅलेक्स झायडियस आणि डीन बॅचलर यांनी ‘सो-कॅल’ची स्ट्रीमलायनर आणली होती. तिच्यात त्यांनी एकदा फोर्डचं छोटं व्ही-एट बसवलं आणि एकदा मोठं मर्क्युरी, आणि एकाच अंगाने दोन गटांत धावा केल्या. मोठ्या इंजिनाने दोन धावांची सरासरी आली ताशी १८९.७ मैल, त्या मेळाव्यातली सर्वोच्च. इंजिन बदलायचं आणि गट बदलायचा, ही युक्ती पुढे या खेळाची रोजची रीत झाली. पोटीटच्या स्पीड डेमननेही अनेक वर्षं हेच केलं.

पण या रीतीचं सगळ्यांत सुंदर उदाहरण अमेरिकेत नव्हे, युरोपात घडलं. १९३९च्या मे महिन्याच्या शेवटी गोल्डी गार्डनर हे ब्रिटिश लेफ्टनंट कर्नल आपली एमजी गाडी घेऊन जर्मनीत डेसाऊजवळच्या महामार्गावर गेले. त्यांचं इंजिन सहा सिलिंडरांचं, सुपरचार्जर लावलेलं, १,१०० सीसीच्या गटात बसणारं. त्यांनी ताशी २०३ मैलांचा टप्पा ओलांडला. १,१०० सीसीच्या गाडीकडून त्या काळात अशी अपेक्षा कुणी केली नव्हती. काम फत्ते झालं होतं, सामान बांधून परतायला हरकत नव्हती. पण गार्डनरांच्या माणसांनी बरोबर बोअर मारायचं यंत्र आणलं होतं. त्यांनी इंजिन गाडीतून न उतरवता तिथेच सहाही सिलिंडरांना बोअर मारलं. किती? जेमतेम अर्धा मिलिमीटर. नवा आकार झाला १,१०६ सीसी. सहा सीसींनी रेघ ओलांडली आणि गाडी दीड लिटरच्या गटात गेली. दोन दिवसांनी, २ जूनला, तीच गाडी २०४ मैलांच्या पुढे पळाली, आणि दीड लिटरचे विक्रमही एमजीच्या नावावर लागले.

तीन महिन्यांत युद्ध सुरू झालं. ते संपल्यावर गार्डनर परत आले, या वेळी बेल्जियममधल्या याब्बेकच्या रस्त्यावर, आणि उलट्या दिशेने चालू लागले. सहातल्या काही सिलिंडरांचे पिस्टन काढून टाकायचे आणि उरलेल्यांवर गाडी पळवायची. तीन सिलिंडरांवर ५०० सीसीचा गट, दोन सिलिंडरांवर ३५० सीसीचा. अर्धं इंजिन मुकं आणि बाकीचं अर्धं विक्रम करतं आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघा. १९५०मध्ये दोन सिलिंडरांवर ती गाडी ताशी १२० मैलांच्या पुढे गेली. काही जाणकार याला नियमांतली पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. नियमाने विचारलं होतं, इतक्या इंजिनातून किती वेग निघतो? गार्डनरांनी तोच प्रश्न एकाच गाडीला सहा-सात वेगवेगळ्या आकारांत विचारला आणि प्रत्येक वेळी प्रामाणिक उत्तर दिलं. एमजीने हा धडा जपला. १९५७मध्ये स्टर्लिंग मॉसने त्यांची ईएक्स-१८१ ही गाडी बोनव्हिलवर १,४८९ सीसीच्या इंजिनाने २४५ मैलांपर्यंत नेली. दोन वर्षांनी फिल हिल त्याच गाडीत बसला तेव्हा इंजिन होतं १,५०६ सीसीचं. पुन्हा सहा सीसी पलीकडे, पुन्हा नवा गट, आणि वेग २५४ मैलांच्या वर.

आकार, अंग, इंधन हे सगळं मोजता येतं. गटांच्या इतिहासातला सगळ्यांत कडवा वाद मात्र मोजमापाचा नव्हता. मोटार कशाला म्हणायचं, हा तो वाद. ५ ऑगस्ट १९६३ रोजी क्रेग ब्रीडलव्हने ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ बोनव्हिलवर ताशी ४०७ मैलांनी पळवली. त्याआधीचा मान्य विक्रम जॉन कॉबचा होता, १९४७मधला, ३९४ मैलांचा. म्हणजे सोळा वर्षांनी कुणीतरी तो मागे टाकला. पण ब्रीडलव्हच्या गाडीला चाकं तीन होती, आणि तिला ढकलत होतं जेट इंजिन. चाकं नुसती फिरत होती, जोर लावत नव्हती. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने, म्हणजे एफआयएने, तिला मोटार मानायला नकार दिला. मोटरसायकलींच्या महासंघाने मात्र तीनचाकी म्हणून तिला आपल्यात घेतलं. जगातली सगळ्यांत वेगवान गाडी काही काळ कागदोपत्री साइडकार लावलेल्या मोटरसायकलीच्या पंगतीत बसली.

पुढच्या वर्षी, १७ जुलै १९६४ला, डॉनल्ड कॅम्पबेलने ऑस्ट्रेलियातल्या लेक एअरच्या मिठावर ‘ब्लूबर्ड’ ४०३.१० मैलांनी पळवली. तिच्यातही टर्बाइन होतं, पण त्याची ताकद चारही चाकांतून जमिनीवर उतरत होती. एफआयएने हा विक्रम लगेच मान्य केला. आकड्याने ब्रीडलव्ह पुढे, मान्यतेने कॅम्पबेल पुढे. लोक गोंधळले, काही चिडले. मला विचाराल तर महासंघाचा नकार कठोर होता, पण त्यामागची जाण बरोबर होती. चाकाने जमिनीला धरून ढकलणं आणि मागे वाफारा सोडून पुढे उडणं ही दोन वेगळी कामं आहेत. चूक होती ती दुसऱ्या कामासाठी जागाच न ठेवण्याची. ती जागा लवकरच झाली. तिथूनच पुढे १९७०मध्ये रॉकेटवर चालणारी ‘ब्लू फ्लेम’ ६२२ मैलांवर गेली, १९८३मध्ये रिचर्ड नोबलची ‘थ्रस्ट टू’ ६३३ मैलांवर, आणि १५ ऑक्टोबर १९९७ रोजी नेवाडातल्या ब्लॅक रॉकच्या वाळवंटात अँडी ग्रीनने ‘थ्रस्ट एसएससी’ ताशी ७६३.०३५ मैलांनी, म्हणजे १,२२८ किलोमीटरच्या आसपास, ध्वनीच्या वेगापलीकडे नेली.

चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांची गोष्ट स्वतंत्रपणे चालू राहिली, आणि ती गटांमुळेच चालू राहू शकली. जेट गाड्या सहाशेच्या घरात पोचल्या होत्या, तरी समर्स बंधूंचा १९६५चा विक्रम झाकोळला गेला नाही. त्यांच्या ‘गोल्डनरॉड’मध्ये क्रायस्लरची चार व्ही-एट इंजिनं एकामागे एक बसवली होती, सुपरचार्जर नव्हता, वेग ४०९.२७७ मैल. १९९१मध्ये अल टीगने एकाच इंजिनाने ४०९.९८६ मैल गाठले, पण सुपरचार्जर लावून. त्यामुळे बिनसुपरचार्जरचा मान गोल्डनरॉडकडेच राहिला. तो २०१०मध्ये चार्ल्स नियरबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ रेट’ने घेतला, एकाच इंजिनाने, ४१४ मैलांच्या वेगाने. पंचेचाळीस वर्षं एक प्रश्न उघडा होता, आणि त्याचं उत्तर शोधणारी माणसंही होती.

विजेच्या गाडीचं प्रकरण लिहिताना मला सर्वांत आनंद झाला. लोक तिला नवी समजतात. वेगाचा पहिला नोंदलेला विक्रमच विजेच्या गाडीचा आहे: १८ डिसेंबर १८९८, पॅरिसजवळचं आशेर, गास्तों द शास्लू-लोबा, ताशी ६३ किलोमीटर. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या कामिय जेनात्झीने शंभर किलोमीटरची रेघ ओलांडली, तीही विजेवर. १९०२मध्ये सेर्पोलेच्या वाफेच्या गाडीने १२० किलोमीटर गाठले. तेव्हा गट नव्हते, सगळे एकाच मैदानात होते. पेट्रोल इंजिन बलवान झालं तसे बाकीचे दोघे बाहेर फेकले गेले. वेगळा गट मिळाला तेव्हाच त्यांच्यासाठी कुणी पुन्हा घाम गाळू लागलं. ओहायो राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेली ‘बकाय बुलेट’ २०१६मध्ये विजेवर ३४१ मैलांपर्यंत गेली. वाफेचा १९०६चा स्टॅन्लीचा विक्रम १२७ मैलांचा होता. तो २००९मध्ये एका ब्रिटिश चमूने १३९ मैलांचा केला, आणि तोही एडवर्ड्‌स हवाई तळावर, म्हणजे त्याच जुन्या म्युरॉकच्या तळ्यावर. डिझेलच्या गटात अँडी ग्रीननेच २००६मध्ये ३५० मैल गाठले. त्या गाडीची दोन्ही इंजिनं जेसीबीच्या इंजिनांवरून घडवलेली होती; आपल्या गावाच्या कडेला चर खणणारा जेसीबी, त्याच घराण्यातली.

आणि ‘एक्स’. हे अक्षर मला सगळ्यांत जवळचं. १९३२मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट इंजिन आणलं, ६५ अश्वशक्तीचं. त्याचे व्हॉल्व्ह बाजूला, सिलिंडरच्या शेजारी असत आणि डोकं सपाट. म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणत. म्युरॉकच्या पोरांनी ज्या इंजिनावर हात बसवला ते हेच. १९५३नंतर अमेरिकी फोर्डमधून ते गेलं, आणि वर व्हॉल्व्ह असलेल्या नव्या इंजिनांपुढे त्याचा टिकाव लागेना. एका आकाराच्या गटात दोघांना ठेवलं असतं तर दहा वर्षांत सगळे फ्लॅटहेड भंगारात गेले असते. ‘एक्सएफ’ या वेगळ्या गटाने ते वाचवले. आजही माणसं या जुन्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यांना पडलेल्या चिरा सांधतात, त्यांच्यासाठी नवी डोकी बनवतात, त्यांच्या हवेच्या वाटा घासून गुळगुळीत करतात. ६५ अश्वशक्तीने सुरुवात केलेल्या त्या इंजिनाने पुढे ताशी ३०० मैलांची रेघही ओलांडली. गटांची संख्या फार झाली, विक्रम स्वस्त झाले, अशी तक्रार मी ऐकतो. काही रकाने वर्षानुवर्षं कुणी फिरकत नाही म्हणून सोपे राहिले आहेत, हे खरं आहे. तरी ‘एक्सएफ’चं पान उघडलं की त्या तक्रारीत मला जीव वाटत नाही.

भाषेबद्दल थोडं. नियमपुस्तकातल्या ‘क्लास’साठी मी ‘वर्ग’ न वापरता ‘गट’ वापरला आहे, कारण आखाड्यात आणि घाटात आपण तेच म्हणतो. लेकस्टर, रोडस्टर, स्ट्रीमलायनर ही नावं तशीच ठेवली; ती त्या मातीतली आहेत. वेग बहुतेक मैलांत दिले आहेत, कारण बोनव्हिलचे विक्रम त्यांतच नोंदले जातात. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

विक्रम नोंदवायचा कसा, तेही आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी प्रकरणं ते गृहीत धरतात. एका धावेला किंमत नाही. एफआयएच्या नियमाने दोन धावा उलटसुलट दिशांना, तासाभराच्या आत. स्पीड वीकमध्ये आधी जुन्या विक्रमापेक्षा जास्त वेग काढायचा, मग गाडी कुंपणाच्या आत बंदोबस्तात उभी करायची. तिच्यावर काम करायला चार तास मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी धाव. दोन्हींची सरासरी धरतात, आणि त्यानंतर इंजिन उघडून आकार मोजतात. मोजणारा माणूस काय म्हणतो ते ऐकायला सगळा चमू उन्हात उभा असतो.

मिकी थॉम्पसन १९६० साली ९ सप्टेंबरला आपल्या ‘चॅलेंजर वन’मध्ये ताशी ४०६.६० मैलांनी गेला होता. तोवर चाकांच्या गाडीत इतक्या वेगाने कुणी गेलं नव्हतं. परतीच्या धावेत ड्राइव्हशाफ्ट तुटला आणि तो आकडा विक्रम होऊ शकला नाही. १९६८मध्ये त्याने ‘चॅलेंजर टू’ बांधली. त्या वर्षी पावसाने मीठ भिजलं, पैसा देणारे मागे सरले, आणि गाडी ठेवून द्यावी लागली. १९८८मध्ये मिकी गेला. पन्नास वर्षांनी, ११ ऑगस्ट २०१८ला, त्याच्या मुलाने, डॅनीने, त्याच गाडीत ४४६.६०५ मैल काढले. गाडी रात्रभर कुंपणात राहिली. १२ तारखेच्या सकाळी दुसरी धाव झाली: ४५०.९०९. सरासरी काढून एए/एफएस या अक्षरांपुढे लिहिली गेली: ४४८.७५७.